हिप-हॉपमधलं सॅम्पल कानाने कसं पकडायचं

रॅपर जे-झीचं 'हार्ड नॉक लाइफ' १९९८ साली आलं. ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत वाढलेला माणूस स्वतःची कथा सांगतोय आणि मागे लहान मुलींचा घोळका तारस्वरात गातोय. हा घोळका 'ॲनी' या १९७७ च्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकातला आहे. मंदीच्या काळातल्या न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रमात कामाला जुंपलेल्या मुलींचं ते गाऱ्हाणं. 'द ४५ किंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोड्यूसरने, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत बांधणाऱ्याने, ते नाटकाच्या रेकॉर्डवरून उचललं आणि खाली दणदणीत ड्रम घातले. त्या मुलींचं आणि त्या रॅपरचं गाऱ्हाणं एकच आहे, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा घेऊन त्यावर नवं गाणं उभं करायचं, हे सॅम्पलिंग. अमुक गाण्यात तमुक गाणं दडलंय हे नवख्यांना बहुतेक वेळा एखाद्या यादीतून कळतं. यादी वाचून होते आणि दोन दिवसांत विसरलीही जाते. कानाने पकडलेलं सॅम्पल मात्र डोक्यात पक्कं बसतं. ही सवय कुणालाही लावता येते, त्यासाठी संगीत शिकलेलं असायला हवं असं नाही. बरे हेडफोन, गाणी ऐकायचं एखादं ॲप आणि एक वही पुरे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस जवळजवळ गायबच होतो, आणि सॅम्पलच्या खुणा बऱ्याचदा तिथेच सापडतात.

पायरी १: एक जोडी घ्या आणि तीनदा ऐका

क्रम असा ठेवा: आधी नवं गाणं, मग जुनं, मग पुन्हा नवं. पहिल्या वेळी शब्दांकडे लक्ष देऊ नका, फक्त मागे काय वाजतंय ते ऐका. मग मूळ गाणं लावा आणि सुरुवातीपासून लावा. थेट त्या तुकड्यावर उडी मारायचा मोह होतो, तो टाळा. तुकडा आला की मिनिट आणि सेकंद वहीत लिहा. तिसऱ्यांदा नवं गाणं ऐकताना काय घेतलंय आणि काय सोडलंय ते बघा.

यासाठी माझी सगळ्यात आवडती जोडी एमिनेमचं 'माय नेम इज' (१९९९) आणि लॅबी सिफ्रीचं 'आय गॉट द' (१९७५). सिफ्रीचं गाणं लावलंत तर पहिली दोन मिनिटं तुम्हाला वाटेल की चुकीचं गाणं लागलं. ओळखीचं काहीच येत नाही. मग गाणं थांबल्यासारखं होतं, वळतं आणि एकदम तो बेस आणि गिटार सुरू होतात. एमिनेमचा प्रोड्यूसर डॉ. ड्रे याने ही वळणानंतरची जागा उचलली. तिथला बेस आणि गिटार वाजवणारे दोघे पुढे 'चॅस अँड डेव्ह' या नावाने इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले, ते लंडनच्या पबमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गमतीशीर गाण्यांसाठी. सिफ्री हा समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारा कवी-गायक. एमिनेमच्या गाण्यात बायकांची आणि समलिंगी लोकांची टिंगल होती, त्यावर त्याने हरकत घेतली आणि शब्द बदलल्यावरच परवानगी दिली.

कुणी कुठून घेतलं ही माहिती एका ओळीत संपते. सहा-साडेसहा मिनिटांच्या गाण्यातली नेमकी ती जागा कुणाच्या तरी कानाला लागली, हे मूळ गाणं पूर्ण ऐकलं तरच कळतं. म्हणून सुरुवातीला रोज एकच जोडी ऐका, पण पूर्ण ऐका.

पायरी २: लूप, चॉप की पुन्हा वाजवलेलं, ते ओळखा

इथे थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण प्रत्येक पद्धत एका अडचणीतून निघालेली आहे.

११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क या डीजेने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड लावल्या. गाण्यात मधेच बाकीची वाद्यं थांबून फक्त ड्रम उरतात, त्या जागेला 'ब्रेक' म्हणतात. नाचणारे त्या ब्रेकचीच वाट बघतात हे हर्कच्या लक्षात आलं होतं. पण ब्रेक काही सेकंदांत संपतो. मग त्याने दोन टर्नटेबलवर एकच रेकॉर्ड ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. लूप, म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं, ही कल्पना कम्प्युटरच्या आधी अशी हातांनी जन्माला आली.

सगळ्यात गाजलेला ब्रेक 'द विन्स्टन्स'च्या 'आमेन, ब्रदर' (१९६९) मधला. ते गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला भरीला टाकलेलं होतं. दीड मिनिटाच्या आसपास सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटा ड्रम वाजवतो, जेमतेम सात सेकंद. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये (१९८८) तो आहे, आणि इंग्लंडमधले 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीतप्रकार तर त्यावरच उभे राहिले. कोलमनला याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये तो वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. हा ब्रेक ओळखायला शिकाल तेव्हा त्याचं नावही लक्षात ठेवा.

दुसरा ब्रेक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला (१९७०), ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड. पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'मध्ये तो सापडेल. डाव्या हाताने स्नेअर या ड्रमवर हळूच मारलेले बारीक ठोके ऐका. मोठ्या ठोक्यांच्या मधे ते कुजबुजत राहतात आणि ठेका सतत पुढे ढकलतात. हे एकदा कानात बसलं की हा ब्रेक तुम्हाला शेकडो गाण्यांत भेटत राहील.

आता लूप कसा ओळखायचा? माणूस एकच ओळ दोनदा वाजवतो तेव्हा दोन्ही वेळा बारीकसा फरक पडतोच. लूपमध्ये पडत नाही. गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा आवाज, गायकाचा श्वास, रेकॉर्डची खरखर हे सगळं दर फेरीला नेमकं त्याच जागी आलं तर तो लूप समजा. आणखी एक खूण म्हणजे आवाजाचा घुमारा विरायच्या आधीच कापल्यासारखा तुटतो. ही दोन लक्षणं मला सगळ्यात भरवशाची वाटतात.

चॉपमध्ये तुकड्याचेही तुकडे होतात. रॉजर लिन याने आकाई कंपनीसाठी बनवलेलं 'एमपीसी ६०' हे यंत्र १९८८ मध्ये आलं. त्यावर सोळा रबरी पॅड असतात. एका गाण्याचे सोळा बारीक काप करून प्रत्येक पॅडवर एक ठेवायचा आणि बोटांनी हव्या त्या क्रमाने वाजवायचे. मग मूळ चाल मोडते आणि दुसरीच तयार होते. जे डिला या प्रोड्यूसरच्या 'डोनट्स' (२००६) या अल्बममधलं 'वर्किनऑनिट' ऐका आणि मग '१० सीसी' या इंग्लिश पॉप बँडचं १९७४ चं 'द वर्स्ट बँड इन द वर्ल्ड' ऐका. आवाज तेच आहेत, पण वाक्य निराळं झालंय. सुरुवातीला चॉप ओळखता आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. जाणकारांनाही ते जड जातं.

तिसरा प्रकार फसवा आहे. तिथे तुकडा उचललेला नसतो, नव्याने वाजवलेला असतो. शुगरहिल गँगच्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये (१९७९) 'शीक' या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'ची बेसची चाल स्टुडिओतल्या वादकांनी वाजवली आहे. 'शीक'च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवल्यावर त्यांची नावं गीतकार म्हणून आली. आफ्रिका बंबाटाच्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये (१९८२) तर क्राफ्टवेर्क या जर्मन गटाची 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' ही रेल्वेवरची धून कीबोर्डवर वाजवलेली ऐकू येते. ब्रॉन्क्समधल्या पोरांना नाचवायला जर्मनीतलं ते थंड, यंत्रासारखं संगीत निवडणं हा त्या काळातला मला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

पायरी ३: वेग आणि पट्टी उलट फिरवून बघा

तुकडा ओळखीचा वाटतोय पण सापडत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा त्याचा वेग बदललेला असतो. टर्नटेबलवर किंवा जुन्या सॅम्पलरमध्ये (तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) वेग वाढवला की पट्टीही चढते. मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर लावली तर सा च्या जागी जवळजवळ शुद्ध मध्यम ऐकू येतो आणि पुरुषाचा आवाज बायकी वाटायला लागतो.

ही चढ-उतार नेहमी हौसेपोटी झालेली नसते. १९८७ मध्ये आलेल्या 'ईमू एसपी-१२००' या सॅम्पलरमध्ये एकूण फक्त दहा सेकंदांचा आवाज मावायचा, आणि एका पॅडवर अडीच सेकंद. मिनिटाला ९० मात्रांच्या ठेक्यात चार मात्रांचं एक आवर्तन २.६७ सेकंदांचं होतं, म्हणजे एक आवर्तनसुद्धा मावत नाही. यावर उपाय निघाला. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर पळवून भरायची आणि यंत्रात पुन्हा मंद करायची. अडीच सेकंदांत सुमारे ३.४ सेकंदांचं संगीत बसतं. असं ताणलं की आवाजाला एक खरबरीत, धुळकट पोत येतो. नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या गाण्यांचा जो आवाज आज लोक मुद्दाम नक्कल करून आणतात, त्याचं मूळ या मेमरीच्या टंचाईत आहे.

उलटं फिरवायचं तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात वेग आणि पट्टी एकत्र बदलण्याचा इफेक्ट आहे. गाणं त्यात घ्या आणि थोडं थोडं खाली-वर करून बघा. यूट्यूबवर वेग बदलून हे काम होत नाही, कारण तिथे वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवली जाते.

सरावाला कान्ये वेस्टचं 'थ्रू द वायर' (२००३) घ्या. चाका खानचं १९८४ चं 'थ्रू द फायर' त्यात इतकं चढवलंय की तिचा आवाज लहान मुलीसारखा होतो. हे सोपं आहे, कारण नावातच धागा दिलाय. अवघड उदाहरण हवं असेल तर मॉब डीप या रॅप जोडीचं 'शूक वन्स, पार्ट टू' (१९९५). त्यातला तो भीतिदायक, घसरणारा सूर कुठला, हा प्रश्न सॅम्पल शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं छळत होता. उत्तर २०११ मध्ये मिळालं. तो हर्बी हँकॉकच्या 'जेसिका' (१९६९) या अतिशय हळुवार जॅझ रचनेतल्या पियानोचा तुकडा निघाला, पट्टी बदलून मंद केलेला. 'जेसिका' लावून बघा. कुठेही भीती नाही, उलट डोळे मिटून ऐकावं असं ते संगीत आहे. त्याच स्वरांतून मॉब डीपमधल्या हॅव्हकने अंधारी गल्ली उभी केली.

पायरी ४: जिथे कुणी बघत नाही तिथे शोधा

फंक आणि सोल हे हिप-हॉपचं माहेर, त्यामुळे तिथली सॅम्पल आश्चर्यकारक वाटत नाहीत. खरी मजा येते ती भलत्याच घरातून आलेल्या तुकड्यांत.

डॉ. ड्रेच्या 'द नेक्स्ट एपिसोड'ची सुरुवात जगभर ओळखली जाते. ती आली डेव्हिड मॅकॅलमच्या 'द एज' (१९६७) मधून. मॅकॅलम हा टीव्हीवर गुप्तहेराची भूमिका करून लोकप्रिय झालेला स्कॉटिश नट, आणि पुढे त्याच नटाला 'एनसीआयएस' मालिकेतला डॉक्टर म्हणून दुसऱ्या पिढीने ओळखलं. संगीतकारांच्या घरात वाढलेल्या या नटाने साठच्या दशकात वाद्यसंगीताचे काही अल्बम काढले. 'द एज'ची रचना डेव्हिड ॲक्सलरॉडची. ड्रेच्या त्याच अल्बममधल्या 'व्हॉट्स द डिफरन्स'मधले पितळी वाद्यांचे ठोसे शार्ल आझनावूर या फ्रेंच गायकाच्या १९६६ च्या प्रेमगीतातले आहेत. कान्येच्या 'न्यू स्लेव्ह्स'च्या शेवटी अचानक ओमेगा या हंगेरियन बँडचं १९६९ चं गाणं येतं. डी ला सोल या हिप-हॉप गटाने 'द मॅजिक नंबर'साठी मुलांना तीनचा पाढा शिकवणारं १९७३ चं टीव्हीवरचं गाणं वापरलं. नासने 'आय कॅन'मध्ये पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाने गिरवलेलं बेथोव्हेनचं 'फ्युर एलिझ' घेतलं. ते मला जरा सरधोपट वाटतं, पण नवख्यांना कान तयार करायला उत्तम.

आपल्या कानांना मात्र एक खास फायदा आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकी प्रोड्यूसर हिंदी चित्रपटगीतांच्या मागे लागले होते. तिथल्या श्रोत्यांना जे गूढ वाटलं, ते आपण पहिल्या दोन सेकंदांत ओळखतो.

२००२ च्या 'ॲडिक्टिव्ह' या, ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेच्या गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज जवळजवळ सबंध गाणंभर आहे. प्रोड्यूसर डीजे क्विक. मूळ गाणं 'ज्योती' (१९८१) चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. क्विकने चालीला फारसा हात लावला नाही, खाली फक्त जाड बेस आणि टाळी घातली. इथे तीनदा ऐकण्याची युक्ती करून बघा. मूळ गाण्यात ठेका आधीच इतका नाचरा आहे की रॅप त्यात सहज मावतो. परवानगी मात्र घेतलेली नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकू नये, असा आदेश २००३ मध्ये निघाला.

२००२ चंच एरिक सर्मन आणि रेडमन या रॅपरांचं 'रिॲक्ट' जास्त विलक्षण आहे. प्रोड्यूसर जस्ट ब्लेझने 'ताज महल' (१९६३) मधल्या 'चाँदी का बदन' या कव्वालीतली बाईच्या आवाजातली एक ओळ उचलली. ती ओळ संपली की रॅपर म्हणतो, ती जे काही म्हणाली ते म्हणजे मी. ती काय म्हणते ते आपल्याला कळतं: एखाद्याला आत्महत्येचीच हौस असेल तर कुणी काय करावं! साहिर लुधियानवींच्या शब्दांतला प्रेयसीचा खोचक टोमणा इथे बढाईच्या गाण्याचं ध्रुवपद झालाय. स्वरांची निवड अचूक, अर्थाकडे साफ दुर्लक्ष. दोन्ही भाषा येणाऱ्या श्रोत्याला यात जे दिसतं ते कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं. म्हणून सांगतो, ओळखीचा आवाज आला की शब्दही ऐका.

ब्लॅक आइड पीजच्या 'डोंट फंक विथ माय हार्ट'मध्ये (२००५) कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी आहेत, 'अपराध' (१९७२) मधलं 'ऐ नौजवाँ है सब कुछ यहाँ' आणि 'डॉन' (१९७८) मधलं 'ये मेरा दिल', दोन्ही आशा भोसले यांची. दोन्ही वेगवेगळी पकडून दाखवा, हा चांगला सराव आहे. आणि मॅडलिब या प्रोड्यूसरने २००७ मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा अख्खा अल्बमच जुन्या हिंदी रेकॉर्डमधून काढला. त्यातले छोटे छोटे तुकडे लावून मूळ गाणी ओळखायचा खेळ मित्रांबरोबर खेळा. वडीलधाऱ्यांना बसवलंत तर ते तुम्हाला हरवतील.

पायरी ५: खात्री करून घ्या

अंदाज बांधल्यावर श्रेयनामावली बघा. ॲपमध्ये गाण्याच्या माहितीत गीतकारांची नावं असतात. हिप-हॉप गाण्याखाली भलतंच, जुन्या पिढीतलं नाव दिसलं तर सॅम्पल किंवा पुन्हा वाजवलेली चाल आहे असं समजा. लिल नास एक्सच्या 'ओल्ड टाउन रोड'खाली ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस ही नावं आहेत. गावरान वाटणारा तो बॅन्जोसारखा आवाज त्यांच्या नाइन इंच नेल्स या कर्कश, काळोख्या रॉक गटाच्या २००८ च्या '३४ घोस्ट्स फोर' या रचनेतला. नेदरलँड्समधल्या एका कोवळ्या पोराने त्यावर बीट बनवून इंटरनेटवर विकायला ठेवला होता, लिल नासने तो ३० डॉलरना घेतला आणि २०१९ मध्ये ते गाणं बिलबोर्डच्या यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

नंतर 'हूसॅम्पल्ड' या संकेतस्थळावर पडताळा. मूळ गाणं आणि नवं गाणं शेजारी शेजारी, सेकंदासह ऐकायला मिळतं. पण ते शेवटी उघडा. आधी उघडलंत तर कान काम करायचं सोडून देतात.

साखळीही तपासा. कान्येच्या 'स्ट्राँगर'मध्ये (२००७) डाफ्ट पंकचं गाणं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण डाफ्ट पंकने स्वतः ते एडविन बर्डसाँगच्या 'कोला बॉटल बेबी' (१९७९) वरून घेतलंय.

पायरी ६: एक तुकडा स्वतः कापून बघा

कान पक्का व्हायला हा सगळ्यात जलद मार्ग आहे. फोनवर 'कोआला सॅम्पलर'सारखं ॲप घ्या किंवा ऑडॅसिटीच वापरा. स्वतःच्या घरातला एखादा आवाज किंवा स्वतः गुणगुणलेली ओळ भरा. चार मात्रांचा तुकडा निवडा आणि कापताना पहिल्या ठोक्याच्या अगदी तोंडावर कापा. किंचित आधी कापलंत तर लूप अडखळतो, किंचित नंतर कापलंत तर ठोक्याची धार जाते. ही जागा साधायला वेळ लागतो, आणि ती साधली की दुसऱ्यांनी कुठे कापलंय ते आपोआप ऐकू यायला लागतं.

शिकण्यासाठी घरच्या घरी काहीही कापा. पण लोकांसमोर आणायचं असेल तर आधी परवानगी, आणि ती दोन ठिकाणांहून: ध्वनिमुद्रण ज्याच्या मालकीचं आहे त्याची आणि रचनेचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची. चाल स्वतः वाजवून घेतली तर पहिली लागत नाही, दुसरी लागतेच.

अमेरिकेत हा नियम कडक झाला तो डिसेंबर १९९१ मध्ये. रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या १९७२ च्या गाण्यातला पियानो परवानगी मिळाल्याशिवाय वापरला होता. न्यायाधीश केविन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. मार्कीच्या पुढच्या अल्बमचं नाव होतं 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!'. २००५ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने फंकाडेलिकच्या गाण्यातल्या दोन सेकंदांच्या गिटारसाठीही परवाना हवाच असं ठरवलं, आणि २०१६ मध्ये आणखी एका न्यायालयाने पाव सेकंदाहून लहान तुकड्याच्या बाबतीत याच्या उलट निकाल दिला. म्हणजे छोटा तुकडा चालतो, या ऐकीव समजुतीवर विसंबू नका. प्रोड्यूसर टिंबालँडने जे-झीच्या 'बिग पिंपिन'मध्ये १९५७ च्या 'खोसारा खोसारा' या इजिप्शियन चित्रपटगीताची धून घेतली, पुढे २००१ मध्ये एक लाख डॉलर भरले, तरी संगीतकार बलीग हमदी यांच्या भावंडाच्या मुलाने २००७ मध्ये खटला भरला आणि तो २०१८ पर्यंत चालला. शेवटी जे-झीची बाजू जिंकली, पण अकरा वर्षं गेली.

मुक्त साहित्यही आहे. अमेरिकेत १९२२ पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून सर्वांसाठी खुली झाली. ट्रॅकलिबसारख्या सेवा परवान्यासकट जुनी गाणी देतात. मी नवख्यांना जुन्या खुल्या ध्वनिमुद्रणांपासूनच सुरुवात करायला सांगेन, कारण त्यातली खरखर आणि मर्यादित आवाज कापायला फार छान असतो.

या परवानग्यांपायी डी ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' (१९८९) हा अल्बम वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हता. ३ मार्च २०२३ ला तो आला. त्यातलं 'आय नो' तुमच्या पहिल्या मोठ्या परीक्षेसाठी घ्या. त्यात स्टीली डॅनच्या 'पेग'मधला (१९७७) गाता आवाज आहे, ओटिस रेडिंगच्या 'डॉक ऑफ द बे'मधली (१९६८) शिट्टी आहे आणि 'द मॅड लॅड्स' या सोल गटाचा एक तुकडा आहे. शिट्टी पहिल्यांदा सापडेल, आवाज दुसऱ्यांदा. तिसऱ्याचं गाणं कोणतं आणि तुकडा कितव्या सेकंदाला येतो, ते वहीत लिहा, मगच पडताळा.